खानावळीच्या कॉम्प्युटरमधला भोंगा

कॉम्प्युटरवर लोक मोठी मोठी कामं करतात. करू देत. आपल्याला त्यातलं चिल्लर सामान आवडतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात टिकटिक करणारं घड्याळ, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायचं सॉफ्टवेअर, अक्षर मोठं करून दाखवणारं भिंग, माऊसच्या बाणामागे धावणारी मांजर. एवढ्याएवढ्याशा वस्तू. फुकट मिळतात, एका फ्लॉपीत चार मावतात आणि मशीन जड करत नाहीत. लॅमिंग्टन रोडवरनं सीडी आणायची आणि दिवसभर एकेक उघडून बघत बसायचं. बायको म्हणायची, "पन्नाशीला आलात, अजून खेळणीच खेळा."

मी उत्तम. गिरण्यांच्या संपाआधी मिलच्या स्पिनिंग खात्यात होतो. संपानंतर काय काय केलं विचारू नका. अगरबत्त्या विकल्या, केबल जोडली आणि शेवटी कॉम्प्युटर रिपेअर शिकलो. माझ्या खोलीत टेबल मावेना, म्हणून लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर सुभद्रामावशीची खानावळ आहे, तिथे कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर मांडला. मावशी भाडं घेत नव्हती. त्याबदल्यात तिचं ईमेल बघायचं काम माझं.

हो, मावशीला ईमेल यायचं! संप होऊन वीसेक वर्षं झाली होती. आमच्या मिलच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला होता आणि त्यातल्या एका ऑफिसला मावशीचं जेवण जायचं. हे काम मीच लावून दिलेलं, कारण त्या ऑफिसचे कॉम्प्युटर बिघडले की मलाच बोलावायचे. तिथली पद्मजा सकाळी ईमेल करायची, आज किती ताटं. मी वाचून ओरडायचो, मावशी तांदूळ धुवायला घ्यायची.

एकेकाळी या खानावळीत तिन्ही पाळ्यांचे गिरणीवाले जेवायचे. मिल बंद पडली तशी पंगत उठली ती उठलीच. आता मावशीची चूल या टॉवरवर चालायची. आणि टॉवरवाल्यांची एकच अट. जेवण एकच्या ठोक्याला पाहिजे.

तिथेच मावशी अडकायची. स्वयंपाकात तिच्या हाताला तोड नाही, पण वेळेचं गणित पार बोंबललेलं. भिंतीवर घड्याळ होतं. मावशी त्याला हार घालायची, बघायची नाही.

"अगं मावशी, मान वर करून बघ ना जरा."

"मान वर केली की खाली डाळ लागते," मावशी म्हणायची. "आमच्या वेळी भोंगा व्हायचा. पहिल्या भोंग्याला कणीक, दुसऱ्याला भात. आपणहून कानात येऊन सांगायचा. हे मेलं घड्याळ मुकं."

लागोपाठ उशीर झाला आणि पद्मजाचा फोन आला. पद्मजा परळचीच मुलगी, मला काका म्हणते.

"उत्तमकाका, साहेब भडकलेत. उद्या एक वाजता डबे आले नाहीत तर परवापासून दुसरा केटरर. मी खूप सांगून पाहिलं."

मी मावशीला सांगितलं. तिच्या परातीत पीठ होतं, ते उगाच सारखं करत राहिली. मग म्हणाली, "टॉवर गेला तर खानावळ बंदच करायची रे. कोणासाठी रांधू?"

मला एकदम सुचलं. अंगावर काटाच आला! माझ्याकडे एक छोटं घड्याळ-सॉफ्टवेअर होतं. वेळ लावून ठेवायची आणि त्या वेळेला वाजायला हवा तो आवाज द्यायचा. कोंबडा द्या, घंटा द्या, स्वतःचा आवाज द्या. मग भोंगा का नको?

आता भोंगा आणायचा कुठून? अहो, माझ्या गळ्यातून! लहानपणापासून आपली ती खासियत. मिलमध्ये असताना पाळी सुटायच्या आधी मी भोंगा काढायचो आणि अर्धं खातं हात धुवायला पळायचं. जॉबरने, म्हणजे आमच्या मुकादमाने, मला त्यापायी किती शिव्या दिल्यात. मावशीचा रिकामा हंडा आडवा केला, तोंड आत घातलं, माईक धरला आणि काढला आमच्या मिलचा भोंगा. आधी घरघर, मग चढत जाणारा, मग लांब. शेजारची काशीबाई हातात झाडू घेऊन धावत आली. तिला वाटलं, माझ्या अंगात आलं.

कॉम्प्युटरचे स्पीकर म्हणजे चिमण्या. त्यातनं भोंगा चिवचिवला. मग मंडळाच्या खोलीतनं गणपतीचे दोन मोठे स्पीकर आणले, जोडले आणि बाराची वेळ लावली. बाराला भोंगा झाला की मावशीने डबे भरायला घ्यायचे. टॉवर हाकेच्या अंतरावर. एकला नाही पोचलो तर नाव बदलीन!

दुसऱ्या दिवशी सगळं झकास. मावशीने भाजी, डाळ, भात, पोळ्या करून ठेवल्या. मी खुर्चीत बसून स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बघतोय, गुदगुल्या होताहेत. मावशी स्क्रीनवरच्या त्या मांजरीवर खेकसतेय, "हिला उचल रे तिथनं, अन्नावर नजर ठेवून बसलीय."

बारा वाजले.

आणि भोंगा झाला.

काय सांगू तुम्हाला! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरच्या टॅक्सीने ब्रेक मारला. वरच्या मजल्यावरचा रेडिओ कोणीतरी बंद केला. आख्खी चाळ चिडीचूप. मी पोट धरून हसतोय. आणि मग जिन्यावर पावलं वाजायला लागली.

पहिला कोंडीराम आला. जुना साचेवाला, मागावर तीस वर्षं काढलेला. बनियनवर शर्ट चढवत, बटणं चुकीची लावत. त्याच्यामागे भिवा. त्याच्यामागे समोरच्या चाळीतले सात-आठ जुने गिरणीवाले. कोणी दाढीला साबण लावलेला, कोणी हातात पेपर. कोणी काही विचारलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, मोरीत हात धुतले आणि भिंतीला पाठ लावून ओळीने खाली बसले. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की खानावळीत जायचं, हात धुवायचे, बसायचं. इतकी वर्षं गेली तरी मिल बंद पडल्याचं पायांना कोणी कळवलंच नव्हतं.

आणि मावशी? मावशीने ताटं मांडली! पदर खोचला आणि वाढायला लागली.

"भिवा, तुला भात आधी. कोंडीराम, डाळ पातळ आहे, ओरपू नको."

"आज मिठाक कमी आसा गो," कोंडीराम म्हणाला.

"मिलमध्ये पण तू हेच म्हणायचास. जेव गप."

मी म्हणजे आनंदाने वेडा झालो होतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मस्करी, आणि मी कोणाला फसवायलाही गेलो नव्हतो! अजून लोक येत होते, पहिले उठत होते, दुसरी पंगत बसत होती. मावशीचे हात मशीनसारखे चालत होते. तोंड लाल झालं होतं.

मग तिचा डाव पातेल्याच्या बुडाला लागला. खर्र आवाज झाला.

मावशी थांबली. पातेल्यात बघितलं. दाराजवळ ओळीने मांडलेल्या रिकाम्या डब्यांकडे बघितलं.

"अगं आई गं," ती म्हणाली. "हे तर टॉवरचं!"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. भिवाने तोंडातला घास गिळावा की काढावा, त्याला कळेना.

"उत्तम्या, मुडद्या!" मावशीने डाव उचलला. "कुठे आहेस तू?"

मी कॉम्प्युटरमागे होतो.

"मावशी, मार नंतर. आत्ता लवकरात लवकर काय होईल?"

"पिठलं होईल. भात लागेल. पोळ्या आहेत थोड्या. पण पंचवीस मिनिटं तरी उशीर होणारच रे. गेलं सगळं." ती पाटावर बसली. तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

कोंडीराम उठला. ताट बाजूला सारलं. "खाल्लंव आम्ही, आता करूक पण आम्हीच होया. भिवा, कांदो काप. तू रे, स्टो पेटव. सुभद्रे, तू फक्त सांग, हात आमचे."

आणि बघा, ती माणसं कशी कामाला लागली! एकजण कांदा सोलतोय, दुसरा कापतोय, तिसरा फोडणीला देतोय. खात्यात असायचे तसे ओळीने, कोणी कोणाच्या आड येत नाही. काशीबाई आपल्या घरचा भात घेऊन आली. कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणारी पुतळाबाई पाटी तिथेच सोडून आली आणि मिरच्या भाजायला बसली, ठेच्यासाठी. बडबड चालूच, "गिरणीवाल्यांनो, बायकांनी रांधलेलं गिळताना बरं वाटतं ना? आता ढवळा."

पंचवीस मिनिटं मात्र कमी होईनात. ती कुठून आणायची?

कोपऱ्यातलं ते छोटं घड्याळ टिकटिकत होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि दुसऱ्यांदा अंगावर काटा आला. चपला घातल्या आणि टॉवरकडे सुटलो.

त्या ऑफिसात मी अजून एक चिल्लर सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. पूर्वी तिथे प्रत्येक कॉम्प्युटरचं घड्याळ वेगळी वेळ दाखवायचं, त्यावरून भांडणं व्हायची. म्हणून सगळ्यांनी एकाच मोठ्या कॉम्प्युटरकडून वेळ घ्यायची, असं मी करून ठेवलेलं. त्या मोठ्याला जे वाजले, ते आख्ख्या ऑफिसला वाजले.

"पद्मजा, मोठ्या मशीनवर जरा नजर टाकायचीय," मी धापा टाकत म्हटलं. "आवाज येतोय म्हणे."

"कोण म्हणे? आणि डबे कुठायत काका?"

"येतायत. एकला."

"पाऊण होऊन गेला!"

"तुझ्या कॉम्प्युटरवर बघ."

मी दोनदा क्लिक करून मोठ्या मशीनचं घड्याळ पंचवीस मिनिटं मागे नेलं. पद्मजाने स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत कोपऱ्यात.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हसताय."

"मी? छे."

"माझी नोकरी घालवाल!"

"तुला काही माहीतच नाही. तू स्टेपलर शोध."

ती खाली वाकली आणि खरंच टेबलाखाली स्टेपलर शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते.

आता मजा बघा. काचेच्या त्या ऑफिसात खिडक्यांना पडदे, उन्हाचा पत्ता नाही. सगळ्यांच्या नजरा स्क्रीनच्या कोपऱ्यात. एक पोरगा म्हणाला, "यार, अजून साडेबाराच? मला तर चक्कर येतेय." दुसरा म्हणाला, "मघाशी पाऊण बघितल्यासारखं वाटलं." तिसरी म्हणाली, "नाश्ता करत जा." एकाने मोबाईल काढून बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि टेबलावर आपटला. "नेटवर्कचा प्रॉब्लेम," म्हणाला.

मोठे साहेब केबिनमधनं बाहेर आले. मनगटावर झकास घड्याळ. ते बघितलं, स्क्रीन बघितली, परत मनगट बघितलं. माझी बोबडीच वळली. साहेबांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं आणि चावी ओढून काटे मागे घेतले!

"हे पुढे जायला लागलंय," ते मला म्हणाले. "रिपेअर कुठे करतात?"

"दादरला आहे एकजण," मी म्हटलं. लगेच तोंडात रुमाल कोंबला, म्हणून वाचलो.

स्क्रीनवर एक वाजायला आला आणि लिफ्ट उघडली. पुढे सुभद्रामावशी, चोळी घामाने भिजलेली, पदर डोक्यावरून. मागे कोंडीराम, भिवा आणि बाकीचे, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत डबे. कोंडीरामच्या शर्टाची बटणं अजून चुकीचीच. मावशीने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर वेळ बघितली. तिचा विश्वास बसेना. मग तिला मी दिसलो, रुमालासकट. तिला सगळं कळलं. पण मावशी कसली पक्की! खणखणीत आवाजात म्हणाली, "एक वाजला साहेब. मोजून घ्या डबे."

साहेबांनी झाकण उघडलं. "हे काय? मेलवर तर मिक्स व्हेज होतं."

"पिठला आसा," कोंडीराम म्हणाला. "आधी खाऊन बघा, मग बोला."

साहेबांना असं कोणी बोललं नसावं. ते खुर्ची ओढून बसले. एक घास घेतला. ठेचा तोंडात गेला, डोळ्यांत पाणी आलं, दुसरा घास घेतला. मग डबा संपेपर्यंत मान वर केली नाही. ज्या पोराला चक्कर येत होती तो बोटं चाटत होता.

"वेळेवर आलं," साहेब हात पुसत पद्मजाला म्हणाले. "आता वर्षभराचं नक्की करून टाक. आणि आठवड्यातून एकदा हेच."

मावशीने मान फिरवली, पडदा जरा सरकवला आणि काचेतून खाली बघत राहिली. डोळे पुसले की ठेच्याचं बोट लागलं, देव जाणे.

मग मी दुपारभर तिथेच बसून चोरलेली मिनिटं थोडी थोडी परत दिली. लोकांना वाटलं, आज जेवणाची सुट्टी भुर्रकन उडाली. साहेबांचं मनगटावरचं घड्याळ तेवढं मागे राहिलं. ते पद्मजाने दुसऱ्या दिवशी काहीतरी सांगून पुढे करून घेतलं.

संध्याकाळी खानावळीत आलो तर मावशी डाव घेऊन उभीच होती. एक पाठीत बसला. लागला नाही फारसा.

"हा आजच्या डाळीचा," ती म्हणाली. "आता सांग. उद्या काय करायचं? उद्या भोंगा झाला की ही सगळी परत येणार."

दाराशी कोंडीराम, भिवा आणि मंडळी खाली मान घालून उभी होती. "येणार नाय आम्ही," कोंडीराम म्हणाला. "चुकान झाला."

"गप रे," मावशी म्हणाली. "तुला कोण विचारतंय? उत्तम्या, तुझ्या त्या घड्याळात दोन भोंगे बसतात का?"

"दोन काय, वीस बसतात!"

"मग पहिला टॉवरचा. तो झाला की कोणी उंबऱ्यात पाय टाकायचा नाही, मी डबे भरणार. दुसरा तुमचा. तेव्हा ताट घेऊन बसा. आणि कांदे आधी येऊन कापायचे, फुकट नाही."

एकच गलका झाला! भिवाने काशीबाईला हाक मारून सांगितलं, तिने वरच्या मजल्यावर सांगितलं. मी लगेच हंडा आडवा केला, माईक धरला.

"थांब," कोंडीराम म्हणाला. "दुसरो भोंगो खयच्या मिलचो?"

"आपल्याच."

"आपलो टॉवराक दिलंस ना? दोन्ही सारखे झाले तर आम्ही परत पहिल्याक येतलंव. दुसरो पुलापलीकडच्या मिलचो काढ. माझो भाव होतो थंय."

"त्या मिलचा भोंगा?" भिवा उसळला. "तो काय भोंगा होता? म्हैस बरी. कॉटन ग्रीनच्या बाजूचा काढ, तो दादरपर्यंत जायचा."

"दादरपर्यंत तुझी थाप गेली, भोंगो नाय."

"मी सांगते," मोरीतनं पुतळाबाई ओरडली, "मी मासळीच्या जेट्टीवरनं रोज ऐकायचे. सगळ्यांत गोड शिवडीचा!"

आता प्रत्येकजण आपापला भोंगा तोंडाने काढून दाखवायला लागला. एकाच वेळी. काशीबाई पुन्हा झाडू घेऊन आली. मावशी कानावर हात ठेवून हसत होती, आणि मी माईक चालू करून सगळ्यांच्या मधोमध धरला होता.