ताजं राहावं म्हणून

मी एक जुनी मासळीची पेटी आहे. नाही, थांबा. औषधाची पेटी. की... मित्रांनो, माझं मलाच नीट कळत नाही.

बाहेरून निळं प्लास्टिक, आतून थर्माकोल. माहुलच्या शेवंतीआजीने मला घेतलं आणि घाटकोपरच्या बाजारात बसवलं. खाली बर्फ, वर सरंगे, त्यावर मूठभर खडेमीठ. मिठाने बर्फ आणखी गार होतो. "शेवंतीचा सरंगा अजून उडी मारील!" गिऱ्हाइकं म्हणायची. तेव्हा मला सगळं कळत होतं.

मग गुडघे दुखू लागले. (आजीचे. मला गुडघे नाहीत.) मी माळ्यावर गेले.

घरचा फ्रिज बिघडला तेव्हा मला खाली काढलं. आत ठेवली काचेची एक इवली कुपी. आजीच्या नातीचं, दिशाचं इन्सुलिन. कुपीला ना खवले, ना वास. तरी आजीने बर्फ घातला, मीठ घातलं. सकाळी कुपी दगड झालेली असायची. मीरा, म्हणजे दिशाची आई, तोवर कामावर गेलेली. आजी कुपी मुठीत धरून वितळवायची, मग दिशा इंजेक्शन घ्यायची.

दिशाला तहान लागू लागली. पाणी, लघवी, परत पाणी. मीटरवर साखर चढतच होती.

"चोरून पेढे खाल्लेस ना?" मीरा ओरडली.

"नाही गं आई! शप्पथ!"

"मग साखर काय हवेतून आली?"

मी झाकण मिटून विचार करत राहिले. पोरीने खरंच काही खाल्लं नव्हतं. मग?

मग उलट्या. जड श्वास. हॉस्पिटल. आजीने मलाही काखोटीला मारलं.

"इन्सुलिन कुठे ठेवता?" डॉक्टरांनी विचारलं.

आजीने ऐटीत झाकण उघडलं. "बघा, एकदम ताजं!"

डॉक्टरांनी कुपी हलवली. आत काहीच हललं नाही.

"आजी, एकदा गोठलं की इन्सुलिन वाया जातं. वितळलं तरी. हिला औषध मिळतच नव्हतं."

"म्हणजे... पेढे?" मीरा पुटपुटली.

"पेढ्यांचा काय संबंध? टाइप वन मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबतं. गोड खाऊन नाही होत हा आजार."

आजीने माझ्यातला बर्फ तिथल्याच बेसिनमध्ये ओतून टाकला.

दिशा बरी होऊन घरी आली. आजीने सरंग्याचा मधला तुकडा तिच्या ताटात वाढला. मीराने स्वतः काटे काढून दिले.

आता फ्रिज दुरुस्त झालाय. कुपी त्याच्या दारात असते, बर्फापासून लांब. मी परत माळ्यावर. जेवढं गार तेवढं चांगलं, हे एकच मला येत होतं, मित्रांनो. किती गार, हे विचारायचं असतं होय?

तेवढं विचारत जा. आणि मूल "मी नाही खाल्लं" म्हणालं, तर ओरडण्याआधी एकदा पेटीचं झाकण उघडून बघा.