काकांचा ओटा आहे हा

त्या सकाळी रात्रभराचं वारं पडलं होतं आणि ऊन धुतल्यासारखं स्वच्छ होतं. थंडी होती, पण बोचणारी नाही. माझी पाठ तापायला अजून अवकाश होता.

मी ओटा आहे. भाजीबाजारात फाटकातून आत आलं की डाव्या हाताचा. दगडविटांचा, वरून सिमेंट घोटलेलं. मला बांधणाऱ्या दोघा गवंड्यांचं आपसात पटत नव्हतं, म्हणून मी जरा उतरता झालो. माझ्यावरचे टोमॅटो शेजारच्या चावीवाल्याकडे घरंगळतात. तो म्हणतो, "आले बघा माझे पाहुणे!"

माझ्यावर आधी काकांची आई बसायची, मग काका भाजी विकू लागले. आमच्या बाजाराची एक रीत आहे. बाजाराच्या दिवशी ओटा रिकामा राहिला, की गेला. मग तो बाहेर रांगेत असलेल्याला मिळतो. रांगेत पहिली होती लिंबूवाली. वर्षानुवर्षं ती फाटकाबाहेर उन्हात बसून माझ्याकडे बघायची. मला कळायचं. काकांनाही कळायचं.

त्या स्वच्छ उन्हात एक माणूस बंदूक घेऊन आत आला. तो कोण, कशासाठी, मला ठाऊक नाही. त्याच्यावर जास्त बोलायचंही नाही मला. गोळ्या सुटल्या. काका माझ्या आडोशाला पडले. काही गोळ्या मी अंगावर घेतल्या, माझ्या कडेचा टवका उडाला. पण एक काकांच्या मांडीत घुसलीच. समोरची फुलवाली उठली नाही. आणखीही माणसं गेली. लिंबूवालीने डोक्याचा रुमाल सोडून काकांची मांडी आवळली, चावीवाल्याने दुकानाची फळी काढली, आणि दोघांनी काकांना फळीवर घालून पळवलं.

मग बाजार बंद झाला. माझ्यावर पाचोळा साचला. माणसं फाटकापाशी जमायची, हळू आवाजात बोलायची. कुणी म्हणालं, "बाजार दुसरीकडे हलवू या."

लिंबूवाली म्हणाली, "आपण हललो, तर त्याचंच खरं झालं."

एका सकाळी सगळे झाडू-बादल्या घेऊन आले. धुवायला सरकारी माणसं आली होती, त्यांना बाजूला बसवलं. आपल्या माणसांचं आपणच धुवायचं, म्हणाले. गुडघ्यांवर बसून त्यांनी फरशी घासली. फुलवालीचा ओटा तिच्या लेकीने पुसला आणि ती तिथेच बसली.

बाजार उघडला त्या दिवशी मला धसका बसला होता. काका दवाखान्यात, आणि रीत म्हणजे रीत. लिंबूवाली आली, माझ्यावर चढून बसली. मी मनात म्हटलं, झालं! तिला तरी काय बोलणार, हक्कच होता तिचा. पण तिने टोपलीतून काढले टोमॅटो. आणि कुणी विचारायच्या आत ओरडली, "काकांचा ओटा आहे हा! ते येईपर्यंत मी राखणार!"

"आणि रीत?" कुणीतरी म्हणालं.

"रीत म्हणते ओटा रिकामा नको," चावीवाला म्हणाला. "दिसतोय का रिकामा?"

फक्त एक घोटाळा झाला. जन्मभर लिंबं मोजून विकलेली बाई. काटा कधी हातात धरलेला नाही. तिने टोमॅटोचेही चार-चारचे वाटे लावले. गिऱ्हाइकांची चंगळ! मोठ्या टोमॅटोंचे वाटे आधी संपायचे.

मग एके दिवशी काका आले, कुबड्यांवर. अख्खा बाजार उठून उभा राहिला. काकांनी आधी मला पाहिलं, मग ते वाटे.

"अगं बाई, ही काय लिंबं आहेत? टोमॅटो तोलायचे असतात!"

"मग यायचं होतं लवकर! दवाखान्यात लोळत पडायला कुणी सांगितलं होतं?"

बाजार हसला. खदखदून हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. माझ्या विटाविटांत ते हसू उतरलं.

लिंबूवाली टोपली उचलून बाहेर निघाली, तशी काकांनी कुबडी आडवी घातली. "कुठे चाललीस? अर्धा ओटा तुझा. उताराकडे बस, माझे टोमॅटो अडव."

आता माझ्यावर दोघं बसतात. टवका बुजवलाय, सिमेंट जरा पांढरं दिसतं इतकंच. बाबांनो, तुम्हीही येत जा. भावावरून भांडा, कोथिंबीर फुकट मागा. गजबज असली की ओट्याला बरं वाटतं.

काका परत आले त्या दिवशी ते माझ्यावर टेकले खरे, पण काटा उचलेनात. नजर सारखी फाटकाकडे जायची. चावीवाल्याने ते पाहिलं. आपला बसायचा ठोकळा फिरवून तो फाटकाकडे तोंड करून बसला. फुलवालीची लेकही तशीच बसली. मग तो म्हणाला, "काका, फाटकाकडे आम्ही बघतोय. तुम्ही गिऱ्हाईक बघा."