लाल पट्टी

तिन्ही क्लस्टर एकाच एडिटरला, म्हणजे आज्ञा लिहायच्या एकाच खिडकीला, जोडायची कल्पना डोरी ब्यार्नसनचीच. क्लस्टर म्हणजे एका कामाला जुंपलेल्या संगणकांचा ताफा, आणि त्यांना हाकणारा प्रोग्रॅम म्हणजे कुबरनेटिस. कॅनडातल्या विनिपेगच्या, औषधांच्या मागण्या सांभाळणाऱ्या त्या ऑफिसात एक ताफा चाचणीचा होता, दुसरा शहरातल्या दवाखान्यांचा आणि तिसरा उत्तरेकडच्या वस्त्यांचा, जिथे औषधं विमानाने जातात. पूर्वी प्रत्येकाची खिडकी वेगळी असे. डोरीने सगळं एका जागी आणलं आणि घोटाळा नको म्हणून कडेला रंगीत पट्टी लावली. चाचणीला हिरवी, चालू कामाला लाल. नवा माणूस आला की तो बजावायचा, नाव मागाहून वाच, आधी पट्टी बघ.

गेल्या शरदात त्याच्या डोळ्यांमागची नस सुकू लागली. रंग विटत चालले. लाल आधी विटकरी दिसू लागला, मग नुसताच मातकट. डॉक्टरीणबाईंनी ऑफिसात कळवायला सांगितलं. डोरी हो म्हणाला आणि गप्प बसला. साठीला टेकलेला माणूस. थोडी वर्षं रेटून नेऊ, म्हणाला मनाशी.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चाचणीच्या ताफ्यातली जुनी मांडणी पुसायची होती. डोरीने एडिटरमधून ताफा निवडला. पट्टी त्याला मातकट दिसली. हल्ली हिरवीही तशीच दिसायची. एडिटरने विचारलं, नक्की पुसू? त्याने हो म्हटलं.

थोड्याच वेळात फोन वाजू लागले. उत्तरेच्या एका वस्तीतल्या परिचारिकेने सांगितलं, पडदा कोरा झालाय, दुपारच्या विमानात इन्सुलिन चढवायचंय, मागणी पाठवू कशी? शेजारच्या टेबलावरच्या मारितेस दुमलावने ती मागणी फोनवरच उतरून घेतली, वाचून दाखवली, गोदामाला कळवली. मग तिने आणि डोरीने मिळून उत्तरेच्या ताफ्याची पुसली गेलेली मांडणी पुन्हा उभी केली. काय लिहायचं ते तो तोंडाने सांगत होता, टाइप ती करत होती. विमान वेळेवर गेलं. कुणाला काही झालं नाही.

साहेबांना डोरीने सांगितलं की हात घसरला. साहेबांनी मान्यही केलं. इतक्या वर्षांत पहिलीच चूक.

मारितेसला ते पटलं नाही. ती फिलिपिनो घरातली, डोरीला पहिल्या दिवसापासून कुया म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"कुया, तुमचा हात घसरत नाही. चार-पाच महिने झाले, तुम्ही पडद्याला नाक लावून बसता."

डोरीने सँडविच खाली ठेवलं.

"मला लाल दिसत नाही," तो म्हणाला.

ती म्हणाली, "मग पट्टी काढून टाकू. मोठ्या अक्षरात नावं लावू. अर्ध्या तासाचं काम."

"नावं लाव. इतरांनाही बरं पडेल. पण माझ्याकडचे चालू कामाचे ताफे काढून घे."

"एवढं कशाला?"

"ती बाई फोनवर होती ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. तुला खरं कारण सांगावं, असं एकदाही वाटलं नाही मला. नोकरीचंच भय होतं डोक्यात. अशा माणसाच्या हाती ते राहू नयेत."

मारितेसने वाद घातला नाही. दोघं साहेबांकडे गेली आणि या खेपेला डोरीने सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, चाचणीचं काम तुझंच राहील, पण हे शरदातच सांगायला हवं होतंस. डोरी म्हणाला, हो.

मारितेसने त्याच्यादेखतच शहराचा आणि उत्तरेचा ताफा त्याच्या एडिटरमधून सोडवला, परवानगीही मिटवली. यादीत एकच नाव उरलं. डोरीला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. घरातून कुणी कायमचं निघून गेल्यावर वाटतं तसं वाटलं.

संध्याकाळी दोघं गाड्यांपाशी आली, तशी मारितेस थबकली.

"कुया, सिग्नल कसा कळतो तुम्हाला?"

"वरचा दिवा लागला की थांबायचं."

"आणि पुढच्या गाडीने ब्रेक दाबला तर?"

हातमोजा काढून डोरीने खिशातली किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूने गाडीत जाऊन बसला.

वाटेत वळणं तेवढी त्याने सांगितली. घरी बायको, सिग्रुन, दारातच उभी होती. गाडी परकी मुलगी चालवतेय हे तिने पाहिलं. तिने मारितेसला आत बोलावलं, जेवून जा म्हणाली, आणि तिसरं ताट मांडलं.