दंडाचं माप

टेलरबाईला छावणीत कोणाचंच काम पसंत नव्हतं. पाण्याच्या टाकीवरचा माणूस ऐदी, धान्य वाटणारे आंधळे, शेजारच्या तंबूतल्या बाया बावळट, आणि स्वतःची सून तर त्या बावळटांची पुढारी! तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं होतं तिनं. गाव जळलं, दुकान गेलं, मुलगा वाटेतच तापानं गेला. पण ताठा तेवढा बाईनं सुखरूप इथवर आणला होता. सून आणि दीड वर्षाची नात, एवढंच आता घर होतं, आणि त्या घरात बोलायची ती एकटी टेलरबाईच.

अशात मुलांच्या पोषणाची तपासणी निघाली आणि टॅबवाला साहेब छावणीत उगवला. पायात कोरे करकरीत बूट, गळ्यात ओळखपत्र, आणि चिखल दिसला की चेहरा असा करायचा की जणू तो चिखल आम्हीच त्याच्यासाठी कालवून ठेवलाय. पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक पोराच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळायची, एवढंच काम. आकडा साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की लाल. त्या पोराचं दवाखान्यात नाव आणि रोज शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं. त्यावर साडेबारापर्यंत पिवळा, म्हणजे पुढच्या तपासणीला या. त्याहून वर हिरवा, म्हणजे निघा.

या कामाला छावणीतल्याच सहा बाया घ्यायच्या ठरल्या. टेलरबाई न बोलावता पहिल्या रांगेत जाऊन बसली.

शिकवायचं तर खऱ्या पोरांवर शिकवावं की नाही? पण पोरं रडतात, आणि साहेबाचं डोकं दुखतं. म्हणून त्यानं प्लॅस्टिकच्या पाइपाचे दहा तुकडे आणले आणि बायांना ते मोजायला लावले. "पट्टी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, आवळायची नाही, सैलही सोडायची नाही," हे त्यानं टॅबवरून वाचून दाखवलं, तेव्हा टेलरबाई पुढच्या बाईच्या उसवलेल्या बाहीकडे बघून नाक मुरडत होती. बाकीच्यांचे दोन-तीन पाइप चुकले. टेलरबाईचे दहाच्या दहा बरोबर.

"वा मावशी! तुम्हाला काय शिकवायचं!" साहेब म्हणाला.

"तेच म्हणते मी," टेलरबाई म्हणाली.

झालं शिक्षण. एवढ्यावर पोरांचा जीव बायांच्या हाती देऊन साहेब जेवायला गेला.

तपासणीच्या चार दिवसांत टेलरबाईचा काय तोरा! दुसऱ्या बायांनी पट्टी ओढली की पोरं किंचाळायची. हिच्या हातात एक पोर रडेल तर शपथ. पट्टी अशी हळुवार फिरायची की पोराला पत्ताच नाही. आया हिच्याच रांगेत घुसायच्या. "कसलेला हात लागतो त्याला," ती शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "आवळायला काय, कोणीही आवळतं."

तिसऱ्या दिवशी सून नातीला घेऊन आली. पोर खांद्यावर मान टाकून पडली होती. टेलरबाईनं पट्टी फिरवली. अकरा पूर्णांक सात. पिवळा.

"आई, परत बघा ना एकदा," सून हळूच म्हणाली. "चार दिवस काही खात नाहीये. जरा ओढून बघा."

टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओढून? माझ्या हातून लबाडी करवतेस? घरची म्हणून पाकिटं हवीत होय गं तुला?" सगळी रांग ऐकत होती, आणि ऐकावं म्हणूनच ती बोलत होती. "भरवायचा कंटाळा, आणि माप चुकलं म्हणते! चल, हो बाजूला."

सून पोरीला उचलून निघून गेली. तिची मान खाली होती. बाईला ते बघून बरंच वाटलं.

दोन आठवड्यांनी सकाळी तंबूत ना सून, ना नात. शेजारीण म्हणाली, पोर डोळे उघडेना म्हणून सून तिला घेऊन दवाखान्यात धावलीय. टेलरबाई तरातरा निघाली. नातीची काळजी होतीच. पण न विचारता गेली म्हणजे काय, हा रागही होताच, खोटं कशाला बोला.

नात खाटेवर होती, हाताला सलाईन. सिस्टर कागद लिहीत होती. "हिला पिवळ्यात कोणी घातलं? दंड अकरा पूर्णांक दोन आहे."

"मी. आणि माझं माप चुकत नाही."

"मग घ्या," सिस्टरनं तिच्या हातात पट्टी ठेवली. "माझ्यासमोर मोजा."

टेलरबाईनं मोजलं. अकरा पूर्णांक सात. तिनं सुनेकडे असं पाहिलं की बघ, सांगत नव्हते?

"थांबा, हात काढू नका." सिस्टर वाकली आणि पट्टी आणि दंड यांच्यामधल्या फटीवर तिनं नख ठेवलं. "हे काय?"

"ते सोडावंच लागतं," टेलरबाई तिला बाळबोध शिकवावं तशी सांगायला लागली. "जिवंत माणूस आहे, पाइप नाही. हात हलवतो, वर करतो. एवढी सैल ठेवली नाही तर कपडा..."

ती तिथंच थांबली. कपडा कोणाला शिवायचा होता?

सिस्टरनं विचारलं, "अशी किती पोरं मोजलीत?"

"दोनशे चौदा."

टॅबवाला साहेब गाडीत सामान भरत होता. टेलरबाईनं सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा, माझं चुकलं, असं म्हणाली. साहेबानं ते माशी हाकलावी तसं हाकललं.

"अहवाल गेला, मावशी. तुमच्या रांगेचे आकडे सगळ्यात चांगले आलेत. वरचे खूश आहेत."

"अहो, पण खोटे आहेत ते!"

"थोडं इकडंतिकडं होतंच. पुढच्या तपासणीत बघू. चार महिनेच तर आहेत."

"चार महिने पोरं थांबतील?"

साहेबाला नेमका तेव्हाच फोन आला. कसले बूट आणि कसलं ओळखपत्र, आत माणूसच नव्हता. टेलरबाईनं खोक्यातली एक पट्टी उचलली. त्यानं पाहिलं आणि फोनवर बोलत राहिला. सिस्टरनं सांगितलं होतं: लाल निघेल ते पोर घेऊन या, यादीत नसलं तरी मी घेते.

पहिला तंबू शेजारणीचा, जिला ती चारचौघांत बावळट म्हणायची तिचा. पोरगा जमिनीवर बसून होता, खेळत नव्हता.

"परत मोजायचंय," टेलरबाई म्हणाली. "माझं माप चुकलं होतं."

शेजारणीनं पोरगा पुढे केला. टेलरबाईनं पट्टी कातडीला भिडवली, सगळीकडून. पोरगा रडला. दहा पूर्णांक नऊ. लाल.

"तुम्ही म्हणालात, ठीक आहे हा," शेजारीण म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मोठी खोकत होती. मग ह्याच्या वाटणीचं दूध मी तिला देत होते. रोज."

टेलरबाईनं पट्टी स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"आज जमलं ना असं धरायला? मग त्या दिवशी का नाही धरलीत?"

"मला वाटलं, मला येतं," टेलरबाई म्हणाली.

शेजारणीनं पोरगा कडेवर घेतला आणि दवाखान्याकडे धावत निघाली.