एका घरात दोन पहिलटकरणी

"दादा, खालून अजून एक खिळा ठोक. फट राह्यली. मांजर येते तिथून," दीपा म्हणाली.

"येऊ दे. मांजरीले काय दोष लागते?" सदाशिवराव तोंडात खिळे धरून बोलत होते. "माणसाची चूल वेगळी झाली म्हंजे घर वेगळं. घर वेगळं म्हंजे दोष नाई. झाली पंचायत खतम."

घर आणि कापसाची खोली यांच्यामधल्या दारावर त्यांनी टिनाचा पत्रा ठोकला. राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात भांडून घर वाटून घेणारे भाऊ रग्गड होते. बहिणीचं बाळंतपण करायचं म्हणून घर वाटणारे सदाशिवराव पहिलेच. कापूस विकून खोली रिकामी झाली होती आणि तिला रस्त्याकडून स्वतःचं दार होतं. आत खाट, गॅसची शेगडी आणि सात महिन्यांची पोटुशी दीपा, एवढं मिळून एक स्वतंत्र घर झालं.

त्याला कारण विमलवहिनी. म्हणजे सदाशिवरावांची बायको. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, हा त्यांचा एक नियम. एका छपराखाली दोन पोटुशा बायांनी राहू नये, हा दुसरा. दोन्ही त्यांना आईकडून मिळालेले आणि दोन्हींवर त्यांची सारखीच श्रद्धा. हे दोन नियम कधी एकमेकांच्या अंगावर धावून येतील असं मात्र त्यांच्या आईनं सांगून ठेवलं नव्हतं. त्यांची लेक अपेक्षा, वय तेवीस, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिची आत्या दीपा, वय त्रेचाळीस, तीही पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. माहेर एकच.

दीपानं ही बातमी फोनवर दिली होती.

"दादा, मी बाळंतपणाले येऊन राह्यली."

"ये न! अपेक्षाच्या बाळंतपणाले तूच पाह्यजे. तुह्या हातच्या लाडवाशिवाय..."

"अपेक्षाच्या नाई."

"मंग कोणाच्या?"

"माह्या."

सदाशिवराव तेव्हा शेतात होते. फोन कानाला तसाच धरून ते बांधापर्यंत चालत गेले आणि परत आले. "कोणाच्या?" त्यांनी पुन्हा विचारलं.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. खुद्द दीपालाच खरं वाटलं नव्हतं. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं दवाखाने झाले, नवस झाले, कोणी सांगितलेल्या मुळ्या उगाळून झाल्या. पुढे तिनं नाद सोडला. पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं, चला, आता हेही संपलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, संपलं नाही, सुरू झालंय. दीपाचा नवरा घनश्याम, आर्णीत फवारणीचे पंप दुरुस्त करतो, वय पन्नास. तो दवाखान्यातून निघाला तो थेट न्हाव्याकडे जाऊन केस काळे करून आला. मिशांचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. वरून काळा आणि मधून पांढरा असा तो दोन दिवस आर्णीभर पेढे वाटत हिंडला, आणि लोक विचारत राहिले, "काका, नातू झाला काय?"

तर दीपा. नात्यात कोणीही बाळंत होवो, दीपाला बोलावणं ठरलेलं. डिंकाचे लाडू तिनं वळायचे, बाळाला न्हाऊमाखू तिनं घालायचं, रात्री रडलं की तिनं घ्यायचं. फक्त सातव्या महिन्यात ओटी भरायची वेळ आली की विमलवहिनी हळूच म्हणायच्या, "दीपाबाई, तुमी जरा भज्याकडे पाह्यता काय?" मूल नसलेल्या बाईनं पोटुशीची ओटी भरू नये, हे तोंडावर सांगण्यापेक्षा हे बरं. दीपाला ते पहिल्याच वेळी समजलं होतं. ती मुकाट्यानं भज्याकडे पाहायची. तिचे भजे नात्यात प्रसिद्ध होते.

म्हणून या वेळी तिला एकच हौस होती. हिरवं लुगडं नेसून, हातभर चुडा भरून एकदा त्या पाटावर बसायचं. दुसरं काही नको होतं.

अपेक्षाचा कार्यक्रम ठरला. तिची सासू केळापूरहून येणार होती. आदल्या दिवशी विमलवहिनी रस्त्यानं फेरी घालून दीपाच्या 'घरी' आल्या आणि खाटेच्या कडेवर टेकल्या.

"दीपाबाई, तुमचं आपण मागून पाहू. एका घरात एका दिवशी दोन वट्या भरता येत नाई. अन..." त्यांनी आवाज उतरवला. "विहीणबाई पह्यल्यांदाच येऊन राह्यल्या. त्या काय म्हणतीन? लेक बी पोटुशी अन नणंद बी. लोकं हासतीन, बाई."

"हासू द्या न."

"तुमाले काय, तुमी आर्णीले निघून जासान. मले इथंच राहा लागते."

संध्याकाळी दीपा फोनवर नवऱ्याला म्हणाली, "मले एकदा पाटावर बसाचं होतं वो. वय झालं म्हणून हौस बी म्हातारी होते काय?" आणि ती रडली. घनश्यामला पंपाचा वॉशर बदलता येत होता, यावर काय करायचं ते येत नव्हतं. "मी उद्या येतो," एवढंच तो म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी पत्र्यापलीकडे गाणी सुरू होती आणि अलीकडे दीपा भजे तळत होती. दोन चुली झाल्याचा विमलवहिनींना हा एक फायदा झाला होता. सकाळी दीपानं सवयीनं एका वाटीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी ठेवून ताट तिकडे धाडलंही होतं. पोटुशीनं एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्यांच्या वाट्या आजवर दीपानंच झाकल्या होत्या. पलीकडून "बर्फी!" असा ओरडा आला तेव्हा तिनं मनाशी म्हटलं, डावी उचलली पोरीनं.

तेवढ्यात रस्त्याकडच्या दारातून ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई आत आली. "बाई, पाणी दे न घोटभर. तिकडं लई गर्दी होऊन राह्यली." मग तिचं लक्ष दीपाच्या पोटाकडे गेलं. "अव्वा! तू कोण?"

"अपेक्षाची आत्या."

"अन हे कितवं?"

"पह्यलं."

बाई तांब्या हातात घेऊन खाटेवर बसली. ही अपेक्षाची सासू, चंद्रकलाताई. "मी एकेचाळीस वर्साची हावो," ती म्हणाली, "आजी होऊन राह्यली. तू?"

"त्रेचाळीस. आई होऊन राह्यली."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग अशा हसल्या की कढईतले भजे करपले.

"माह्यं पह्यलं पोरगं झालं तवा मी सोळाची होती," डोळे पुसत चंद्रकलाताई म्हणाली. "सातव्या महिन्यात मले पाटावर बसवलं. बाया गाणे म्हणून राह्यल्या, अन मी झोपून गेली. सासूनं चिमटा काढून उठवलं. वटीत काय भरलं, कोण आलतं, काईच आठवत नाई. पोरगं झालं तं आमी दोघंबी रडत होतो, अन सासू दोघायलेबी थोपटत होती." ती एक घोट पाणी प्यायली. "तुह्या वटीत काय काय आलं?"

"माही भरली नाई अजून."

"काहून?"

दीपानं सांगितलं. छप्पर, दोष, लोक, सगळं. चंद्रकलाताईनं तांब्या खाली ठेवला, ती पत्र्यापाशी गेली आणि तिनं त्यावर मुठीनं असा काही आवाज केला की पलीकडचं गाणं मधेच तुटलं.

"विहीणबाई! वट्या एका घरात दोन भरत नाई न?"

"नाई जी," पलीकडून विमलवहिनींचा घाबरलेला आवाज.

"मंग हा टिन कायचा हाय?"

अंगणातून सदाशिवराव ओरडले, "दोन घरं हायेत! मी सोता ठोकला टिन!"

पुढचं फार भराभर झालं. आठ-दहा बाया चपला घालून, हळदीकुंकवाचं ताट, नारळ, पाट घेऊन एका घरातून रस्त्यावर उतरल्या आणि दुसऱ्या घरात शिरू लागल्या. घनश्याम नुकताच गाडीवरून उतरला होता. बायकोच्या दाराशी बायांची झुंबड पाहून त्याच्या हातातली पिशवी गळाली. "कळा सुरू झाल्या काय? रिक्षा आणू?" पिशवीतून हिरवं लुगडं आणि चुडा बाहेर आला. एका म्हातारीनं दोन्ही उचललं, घनश्यामच्या काळ्या डोक्याकडे आणि पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, आणि त्याला बाहेरच थांबायला सांगितलं.

लुगडं नेसवून झालं, चुडा भरून झाला, तरी दीपाचा पाय शेगडीपासून निघेना. "तेल तापलं हाय वो, जळीन," ती म्हणत होती. सगळ्यात शेवटी विमलवहिनी आत आल्या. वर न पाहता त्या सरळ शेगडीपाशी गेल्या आणि त्यांनी दीपाच्या हातातला झारा घेतला.

"बसा तुमी," त्या म्हणाल्या. "भज्याकडे मी पाह्यतो."

इतकं बोलून त्या कढईकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी एकही भजं सोडलं नाही.

दीपा पाटावर बसली. चंद्रकलाताईनं पहिली ओटी भरली, मग एकेक बाई पुढे आली. तांदूळ, नारळ, खारीक, हळकुंड. मांडीवर वजन वाढत गेलं. मग विमलवहिनींनी पदराला हात पुसून वाट्यांचं ताट ओढलं. "डोळे मिटा, दीपाबाई. चोरून पाहू नका."

वाट्यांचा आवाज झाला. दीपानं डोळे उघडले तेव्हा समोर दोन सारख्या स्टीलच्या वाट्या पालथ्या होत्या, आणि कोणत्या वाटीखाली काय आहे हे तिला माहीत नव्हतं. असं तिच्या बाबतीत कधी झालंच नव्हतं. तिच्या पोटात कोणीतरी पाय झाडला.

"डावी!" "उजवी उचला, आत्या!" पत्र्याच्या फटीला तोंड लावून अपेक्षा ओरडत होती. दाराबाहेरून घनश्याम विचारत होता, "काय निघालं? सांगा न, काय निघालं?"

दीपाचा हात वाट्यांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"उचल न, बाई!" चंद्रकलाताई म्हणाली.

"थांबा न वो," दीपा म्हणाली. "आताच तं बसली मी."

आणि ओटीचा पदर सावरत ती पाटावर आणखी ऐसपैस बसली.