तांब्याच्या नाण्यावरचं झाड

पातूरजवळच्या वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटताना जाईबाईला तांब्याचं एक जुनं नाणं सापडलं. घरी येऊन तिनं ते चिंचेनं घासलं. एका अंगाला सोंड वर केलेला हत्ती निघाला. दुसऱ्या अंगाला नुसत्या रेघा, खाली उभ्या-आडव्या, वर फाकलेल्या.

देवमननं, तिच्या नवऱ्यानं, नाणं उजेडात धरलं. "अवं, हा तं खराटा हाय."

"नाण्यावर कोन खराटा काढते? पिंपय हाय तो. बुडाशी कठडा हाय, पाहा नं."

"तुले सगळीकडं पिंपयच दिसते!"

छप्पन साली धम्म घेतल्यावर घरातल्या देवांच्या तसबिरी उतरवल्या होत्या. तेव्हापासून दारासमोरची भिंत ओकीबोकी होती. बुद्धजयंती तोंडावर आलेली. जाईबाईनं भिंतीला चुना दिला, गेरू कालवला आणि काडीला चिंधी गुंडाळून नाण्यावरचा हत्ती काढला. तो झकास उतरला. पलीकडे कठडा काढला, खोड काढलं, फांद्या काढल्या. पानं मात्र काही केल्या जमेनात.

"हे तं वडाचे वाटून राहिले," देवमन मागून म्हणाला.

"मंग तुमी काढा!" तिनं काडी त्याच्या हातात कोंबली अन् भाकरी टाकायला निघून गेली.

देवमन जरा वेळ घुटमळला. मग नाल्यावर जाऊन पिंपळाची पानं घेऊन आला. एकेक पान भिंतीवर दाबून धरायचं, कडेनं गेरू फिरवायचा. टोकाची शेपटी नीट यावी म्हणून तो श्वास रोखून धरी. जाईबाईनं जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब वं, ही फांदी होऊ दे."

बुद्धजयंतीच्या आधी वस्तीतले म्हातारे बुधाजी घरी आले. चहा घेता घेता भिंतीकडेच बघत राहिले.

"जाईबाई, आपल्या समाजमंदिराची भिंत कोरीच हाय. तिथं असंच काढून देता काय?"

जाईबाईनं पदर सावरला अन् देवमनकडं बोट केलं. "हत्ती मी काढतो, बाबा. झाडाचं यायले सांगा."

देवमन लाजला. बशीतला चहा तसाच ठेवून उठला आणि म्हणाला, "भिंत केवढी उंच हाय, ते पाहून येतो."