वीणेवरचे हात

मलरने सासूच्या अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा माळला आणि आरसा पुढे धरला. अबिरामीने आरशात पाहिलंच नाही. तिचे कान ओसरीकडे होते. तिथे तिचा नवरा, निवृत्त हेडमास्तर सौंदरराजन, कडक इस्त्रीची वेष्टी नेसून छत्री झटकत होता.

"हे कुठे निघाले?" तिने हळूच विचारलं.

"आपल्याबरोबर. मामंजीच म्हणाले, मीही येतो."

अबिरामीने आरसा बाजूला सारला. कुंभकोणमच्या थिएटरात तो जुना प्रेमपट नव्याने लागला होता. मागच्या महिन्यात त्यातलं गाणं रेडिओवर लागलं, तेव्हा तिने सुनेपाशी मन मोकळं केलं होतं. गाण्यात नायिका लाजून बोलत नाही, नायकाला वीणेतून उत्तर देते. नटीला वीणा धरताही येत नव्हती, म्हणून पडद्यावर हात दिसतात ते अबिरामीचे. तिचे वडील मद्रासला वीणा शिकवत. ती सतरा वर्षांची होती. नटीच्या बांगड्या तिला सैल झाल्या, म्हणून आतून दोरा बांधून बसवल्या होत्या.

पुढे लग्न ठरलं. सासरचं घर कर्मठ. सिनेमाचं नाव काढलंस तर जमलेलं मोडेल, असं वडिलांनी बजावलं. तिने नाव काढलं नाही, सिनेमाही कधी पाहिला नाही. पोटातली गोष्ट पोटातच राहिली.

थिएटरात गर्दी होती. पुढच्याच रांगेत सौंदरराजनचे जुने विद्यार्थी बसले होते. आता त्यांचेही केस पिकलेले. तरी सरांना पाहून सगळे उठून उभे राहिले. मान हलवून त्याने त्यांना बसवलं. दोघींच्या मधल्या खुर्चीत तो ताठ बसला, जणू परीक्षेवर देखरेख करायला आला होता. सिनेमा सुरू झाला. मलर मुरुक्कू खात खुशीत पाहत होती. अबिरामीला एकही संवाद ऐकू येत नव्हता. हे हात त्याच्या ध्यानात आले तर? इतकी वर्षं फसवलंस, असं तो म्हणाला तर?

नदीकाठी चांदणं पडलं. नायकाने पहिली ओळ गायली. नायिकेने मान खाली घातली.

सौंदरराजन तिच्याकडे झुकला.

"आता बघ. तुझे हात येतील."

आणि आले. कोवळे, सावळे, न चुकणारे, डाव्या मनगटावर तीळ. अबिरामी स्वतःच्याच बोटांकडे पाहत राहिली. तेवढ्यात तिच्या कानाशी कर्णकर्कश शिट्टी वाजली. पुढची सगळी रांग दचकून मागे वळली. हेडमास्तरांची दोन बोटं अजून तोंडातच होती.

"सर?" कुणीतरी चाचरत म्हणालं.

"पुढे बघा," सौंदरराजनने दटावलं. सगळे निमूट पुढे वळले.

मलर पदर तोंडावर दाबून हसत होती. अबिरामीला हसावं की रडावं कळेना.

"अहो, तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"तुला बघायला आलो तेव्हापासून. सिनेमा मी चोरून पाहिला होता, बऱ्याचदा. तुझ्या घरी सोज्जी-भजी झाली, तू वीणा वाजवायला बसलीस, आणि मनगटावरचा तीळ दिसला. आमच्या अप्पांनी विचारलं, मुलगी आवडली का? मी म्हटलं, कधीचीच."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, तुला लपवायला आवडत असेल."

तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला. पडद्यावर नायक पुन्हा गाऊ लागला होता.

"दुसऱ्या कडव्यात परत येतात," तो कुजबुजला.

अबिरामीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली, पदर सावरला आणि पाठ सरळ करून बसली.